१:९ बोलेरो ट्रेल ट्रक – प्रकल्प नोंदी

काय करायचंय : महिंद्रा बोलेरोची १:९ प्रमाणातली रेडिओ कंट्रोल ट्रेल गाडी. तयार पॉलिकार्बोनेट बॉडी नाही, एबीएस प्लॅस्टिकची शीट कापून घरी केलेली. खाली ३१३ मिमी व्हीलबेसचा, लॅडर फ्रेमचा, बाजारात सहज मिळणारा रोलर, म्हणजे मोटर आणि रेडिओ नसलेली, चाकांसकट तयार चासी. दोन्ही ॲक्सल सरळ आणि दोन्ही लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. पळवायला नाही, चढवायला.

बोलेरोच का, तर तिचे जवळपास सगळे पत्रे सपाट आहेत. दुहेरी वळणाचा पत्रा शीटमधून काढणं म्हणजे साचा आणि व्हॅक्यूम आलं. इथे कटर आणि गुण्या पुरतो. शिवाय नाशिकच्या कारखान्यातली ही गाडी राज्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडबाहेर उभी सापडते, मापं घ्यायला हिंडावं लागत नाही.

५ एप्रिल २०२५ – प्रमाण ठरवणं

खरी गाडी : लांबी ३,९९५, रुंदी १,७४५, उंची १,८८०, व्हीलबेस २,६८० मिमी. १:१० धरलं तर व्हीलबेस २६८ आणि रुंदी १७४.५ येते. रोलरच्या टायरची बाहेरून बाहेर रुंदी २०८ मिमी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास १७ मिमी टायर बॉडीबाहेर. खेकडाच. १:९ धरलं तर व्हीलबेस २९८, रुंदी १९४, लांबी ४४४, उंची २०९. टायर फक्त ७ मिमी बाहेर आणि व्हीलबेस मूळ फ्रेमपेक्षा १५ मिमीनेच कमी. १:९ पक्कं.

टायर १.९ इंची रिमचे, १०० मिमी व्यासाचे. खऱ्या गाडीवर ९०० मिमी, म्हणजे साधारण ३५ इंची टायर. मूळ २१५/७५ आर१५ टायर या प्रमाणात ७८ मिमीचा होतो. त्यामुळे चाकाच्या कमानी मोठ्या कापाव्या लागणार हे आत्ताच लिहून ठेवतो.

फोटोवरून टेम्प्लेट करणार असाल तर गाडीजवळ उभं राहून फोटो काढू नका. जवळून मधला भाग फुगतो, टोकं आक्रसतात. १५ मीटर मागे जाऊन झूम करा, कॅमेरा दरवाजाच्या हँडलच्या उंचीला धरा. प्रिंट काढताना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत बरोबर २९८ मिमी येईल असं मोठं करा. पहिली प्रिंट जवळच्या फोटोवरून काढली होती. बॉनेट ९ मिमी आखूड निघालं.

१३ एप्रिल – रोलर आला, आधी पूर्ण उघडला

सीमाशुल्कासकट १९,८०० रुपये. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरची किंमत बघून हिशेब मांडू नका.

बिनब्रँडचा रोलर जसा आला तसा कधीही चालवायचा नाही. निघालं ते असं : दोन्ही ॲक्सलमध्ये ग्रीस नावाला, लोखंडी स्क्रू धातूत बसवलेत, पण थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं द्रव) एकालाही नाही, मागच्या ॲक्सलचं क्राउन-पिनिअन (मोठं आणि छोटं दातेरी चाक) इतकं घट्ट की हाताने फिरवताना दर फेरीला एका जागी अडकतं, बेअरिंग उघडी.

क्राउनच्या बेअरिंगमागे शिम (पातळ चकत्या) जास्त होत्या. एका बाजूची ०.२ मिमीची काढून दुसऱ्या बाजूला ०.१ ची टाकली. पिनिअन बोटाने धरून क्राउन हलवल्यावर अगदी जरासा, जाणवेल एवढाच खेळ हवा. खेळ शून्य असेल तर दात गरम होऊन खातात, जास्त असेल तर चाक अडकल्यावर दात चढून तुटतात. बेअरिंग ५×१०×४ मापाची दोन्हीकडून रबर सील असलेली मागवली (संच ९०० रुपये). इथे दहा-पंधरा रुपये वाचवायला उघडी ठेवाल तर पावसाळ्यात पुन्हा सगळं उघडायची तयारी ठेवा.

स्क्रू : एम३ कॅपला २.५ ची ॲलन की, एम३ बटण-डोक्याला २ ची, एम३ ग्रब स्क्रूला १.५ ची. सायकलच्या संचातल्या झिजलेल्या कीने दोन बटण-डोकी गोल केली. ती काढायला डोक्यात खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर लावावा लागला, पाऊण तास त्यातच गेला. चांगल्या पोलादाच्या १.५, २ आणि २.५ अशा तीन कींवर खर्च करा, बाकी हत्यारं कशीही चालतील.

२० एप्रिल – व्हीलबेस ३१३ वरून २९८

फ्रेम कापली नाही. मागचा ॲक्सल लिंकनेच (ॲक्सल फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांनी) १५ मिमी पुढे आणला. खालच्या लिंक १५ मिमीने आखूड केल्या, वरच्या १३ मिमीनेच. दोन मिमीचा फरक मुद्दाम ठेवलाय : वरची लिंक तुलनेने लांब राहिली की ॲक्सलचा वरचा भाग मागे झुकतो आणि पिनिअन गिअरबॉक्सकडे तोंड वर करतो. आखूड झालेल्या ड्राइव्हशाफ्टचा कोन तीव्र होतो, तो यामुळे थोडा सुसह्य होतो.

चूक इथेच झाली. गाडी स्टँडवर असताना शाफ्ट नीट फिरत होता, म्हणून पुढे गेलो. चासी हाताने पूर्ण दाबल्यावर शाफ्टची आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला जाऊन टेकली. तशीच दोनदा दाबली गेली. एका यू-जॉइंटची पिन वाकली आणि गिअरबॉक्सच्या आउटपुटचं बेअरिंग जागेवरून सरकलं. नवा शाफ्ट ७५० रुपये.

नव्या शाफ्टची आतली दांडी ८ मिमी कापली. कापण्याआधी दोन मापं घ्या : सस्पेन्शन पूर्ण दबलेलं असताना आणि पूर्ण लोंबलेलं असताना. दबलेलं असताना तळाशी २ मिमी जागा उरली पाहिजे, लोंबताना किमान १० मिमी दांडी आत राहिली पाहिजे. एक चाक वर आणि एक खाली अशा तिरप्या अवस्थेतही बघा, फसवणूक तिथेच होते.

जोडताना आणखी एक : शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. ९० अंशांनी फिरून बसले तर चाक झटके देत फिरतं आणि तुम्ही दोष क्राउनमध्ये शोधत बसता.

२७ एप्रिल – स्टिअरिंग

सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) ॲक्सलवर न ठेवता चासीवर घेतला. दिसायला खऱ्यासारखं, शिवाय ॲक्सलवर डबा लटकत नाही. पण मग पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) लागतोच, आणि तो ड्रॅग लिंकच्या (सर्व्होकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या) लांबीचा आणि तिला समांतर असावा लागतो. हाती होता तो रॉड ९२ मिमीचा, ड्रॅग लिंक १०४ ची. परिणाम : नाक दाबलं की चाकं आपोआप डावीकडे वळतात. रॉड-एंडचे आटे फिरवून दोन्ही डोळा ते डोळा १०० मिमी केल्या, पॅनहार्डचा चासीकडचा कंस वॉशर घालून ४ मिमी खाली आणला. आता पूर्ण दाबलं तरी चाक जागचं हलत नाही.

सर्व्हो २५ किलोचा (म्हणजे २५ किलो-सेंमी जोराचा), मेटल गिअर, २५ दातांचा शाफ्ट, हॉर्न (शाफ्टवर बसणारा हात) ॲल्युमिनिअमचं. प्लॅस्टिकचं हॉर्न लॉक ॲक्सलच्या गाडीत टिकत नाही.

४ मे – मोटर, पिनिअन, ईएससी

५४० आकाराची ३५ टर्न (वेढ्यांची) ब्रश्ड, म्हणजे आत कार्बन ब्रश असलेली मोटर आणि ६० अँपिअरचा ब्रश्ड ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट-डबा). जोडी ३,१०० रुपये. ब्रशलेस सेन्सर्ड मोटर हळू वेगात जास्त मऊ चालते यात वाद नाही, पण तिच्या पैशात इथे मोटर, ईएससी आणि सर्व्हो तिन्ही येतात.

स्पर (मोटरच्या पिनिअनने फिरणारं मोठं दातेरी चाक) ५६ दातांचा, ३२ पिच (दातांचं माप). पिनिअन १४ दातांचा मागवला आणि पिच बघायचं राहिलं. आला ४८ पिचचा. २८० रुपये पाण्यात आणि सहा दिवस वाट. लक्षात ठेवायला सोपं : ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल (दातांचंच मेट्रिक माप) जवळजवळ एकच, एकमेकांवर चालून जातात. ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल, तो ०.६ वर चालवू नका. मोटरचा शाफ्टही मोजा : ५४० ला ३.१७ मिमी असतो, लहान ३८० मोटरला २.३.

पिनिअन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून घट्ट केली, मग पट्टी फिरवून काढली. पट्टीवर वळ्या उठाव्यात, ती फाटू नये. पिनिअनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या भागावरच यायला हवा, आणि त्याला निळं थ्रेडलॉक.

गुणोत्तर : ५६/१४ म्हणजे ४, गिअरबॉक्सचं आतलं २.६, ॲक्सल ३०/८ म्हणजे ३.७५. एकूण ३९. टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीवर २० मीटर १७ सेकंदांत, म्हणजे ताशी सव्वाचार किमी. माणसाच्या चालीची गती, एवढीच हवी.

ईएससीवरचे दोन जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) तपासाच. बॅटरी लायपोवर (लिथियम पॉलिमर) आणि चालवण्याची पद्धत पुढे-मागे वर, म्हणजे थ्रॉटल सोडला की पूर्ण ब्रेक लागून गाडी उतारावर थबकते. जंपर चुकून निकेल बॅटरीवर राहिला तर ईएससी वेळेवर वीज तोडत नाही आणि लायपो खाली जाऊन फुगते.

बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरला आधी २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग दिला. वरून चकाकता दिसला, ओढल्यावर तार हातात आली. ६० वॅटचं वापरा. सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर घालून ठेवा, नाहीतर उष्णतेने पिना प्लॅस्टिकमध्ये तिरक्या होतात.

११ मे – बॉडीशिवाय पहिली फेरी : गाडी मध्येच मरते

पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेने फिरवली. कोरड्या बेसॉल्टवर टायर चिकटून चालतात, त्रास मुरमाचा. पण खरी अडचण वेगळी : चाक दोन दगडांत अडकलं आणि स्टिअरिंग दिलं की गाडी एक-दोन सेकंद पूर्ण मेल्यासारखी, मग आपोआप जिवंत.

आधी रेंजवर संशय घेतला. रिसीव्हरची अँटेना उभी केली, ट्रान्समीटर पुन्हा बाइंड केला (रिसीव्हरशी जोडून घेतला), रिसीव्हर मोटरपासून लांब नेला. दोन संध्याकाळी वाया. शेवटी मल्टिमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर लावला आणि चाक हाताने धरून स्टिअरिंग दिलं : ५.० व्होल्टचे ३.४ झाले. ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) २ अँपिअरचा, आणि अडकलेला २५ किलोचा सर्व्हो ३ अँपिअरच्या आसपास ओढतो. रिसीव्हर उपाशी राहतो.

उपाय : ६ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा यूबीईसी (सुटा बीईसी), पुण्यात तपकीर गल्लीत ४५० रुपयांना मिळाला. त्याचं इनपुट बॅटरीच्या तारेवर, आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरी चॅनलमध्ये. ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली मधली लाल तार पिनेसकट उपसून श्रिंक ट्यूबमध्ये गुंडाळून ठेवायची. ती तशीच ठेवून दुसरा पुरवठा दिला तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात.

त्यासोबत ट्रान्समीटरमध्ये स्टिअरिंगचा एंड पॉइंट (वळण्याची हद्द) १०० वरून ७८ टक्क्यांवर आणला. नकल (चाकासोबत वळणारा सांधा) टेकल्यावरही सर्व्हो ढकलत होता, त्याचीच ती सततची गुणगुण. आता व्होल्टेज ५.७ च्या खाली जात नाही.

२४ मे – बॉडी, पहिली : टाकून दिली

सनबोर्डची (फोम पीव्हीसी शीट) केली. स्वस्त, हलका, ब्लेडने लोण्यासारखा कापतो. ११ तासांत पूर्ण बॉडी उभी. खाणीच्या काठावरून एकदाच कलंडली आणि ए-पिलर (पुढच्या काचेशेजारचे खांब) दोन्ही तुटले, छताचा कोपरा चेपला. फोम पीव्हीसी दाबला की पुन्हा फुगत नाही. शोभेच्या मॉडेलला उत्तम, उलटणाऱ्या गाडीला नाही. ३४० रुपये आणि ते ११ तास गेले. टेम्प्लेट मात्र तपासून झाले, तेवढं वसूल.

७ जून – बॉडी, दुसरी : एबीएस

बाहेरचे पत्रे १.५ मिमी, आतला फ्लोअर २ मिमी.

कापणं : करवत नको. पोलादी पट्टी घट्ट धरून कटरने चार-पाच वेळा रेघ ओढायची, मग टेबलाच्या कडेवर रेघ ठेवून खाली मोडायची. खिडक्यांचे कोपरे आधी ३ मिमी ड्रिलने भोक पाडून घ्या. भोक नसेल तर रेघ कोपरा ओलांडून पुढे पळते आणि पिलरला तडा जातो. हा धडा डाव्या मागच्या दरवाजावर मिळाला.

चिकटवणं : एमईके (एबीएस विरघळवून सांधणारं द्रव), बारीक ब्रशने. दोन तुकडे जुळवून धरायचे आणि फटीत थेंब सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. फेविक्विक घाईसाठी ठीक, पण त्याचा जोड कडक आणि ठिसूळ. उलटल्यावर तोच सुटतो. प्रत्येक आतल्या कोपऱ्यात १० मिमीचे त्रिकोणी टेकू. २४ तास हात लावायचा नाही. खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको, एमईके झटकन पेटतो.

कमानी ७८ च्या टायरसाठी काढलेल्या. १०० च्या टायरला चाक पूर्ण वळवून, सस्पेन्शन पूर्ण दाबून, घासेल तिथे पेन्सिल फिरवून कापल्या. पुढे १४ मिमी, मागे ९ मिमी वाढल्या. कानस लावून कड गोल केली.

फटी भरायला एनसी (थिनरवाली) पुट्टी वापरली. चुकलं. थिनरने पातळ एबीएस मऊ झालं आणि वाळल्यावर पुट्टी आकसून रेघा परत दिसू लागल्या. खरवडून दोन घटकांची पॉलिएस्टर पुट्टी पातळ थरात भरली.

एकूण वेळ ४६ तास. वजन ८१२ ग्रॅम. हा आकडा तेव्हा नुसता लिहून ठेवला, त्याकडे बघितलं नाही.

२८ जून – रंग

यंदा मे संपायच्या आतच पाऊस सुरू झाला आणि रंग जून अखेरीला. दमट हवेत स्प्रे मारला, दहा मिनिटांत पांढऱ्या रंगावर दुधावर यावी तशी साय आली. पांढऱ्यावर ती लपेल असं वाटलं होतं. दिसतेच, चकाकी मरते. १२०० च्या पाण्यातल्या पॉलिश पेपरने उतरवून, एसी ड्राय मोडवर तासभर चालवलेल्या खोलीत, कॅन कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मारला. पातळ तीन हात, मध्ये २० मिनिटं. ओला जाड हात देण्याचा मोह आवरा.

दिवे : ६ व्होल्टच्या यूबीईसीवर. पांढरा एलईडी ३.२ व्होल्टचा, २२० ओहम. लाल आणि पिवळा २ व्होल्टचा, ४७० ओहम. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर. काचा पारदर्शक ओएचपी शीटच्या, आतून दुहेरी टेपने.

१३ जुलै – बॉडीसकट पहिली फेरी

गाडी सुंदर दिसते आणि कुठेही उलटते.

बॉडीशिवाय जी चढण सरळ चढत होती तिथे आता निम्म्यात मागे कोलांटी. आडव्या उतारावर तर नुसतं बघितलं तरी कलंडते. घरी मोजमाप केलं. फळीवर गाडी आडवी ठेवून एक कड उचलायची, मोबाइलचं लेव्हल ॲप फळीवर ठेवायचं, वरची चाकं सुटतात तो कोन लिहायचा : ३४ अंश. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची चाकं, मागची तितक्याच उंचीच्या पुस्तकांवर, मग उलट. पुढे १,५०२ ग्रॅम, मागे १,६२८. एकूण ३,१३०, म्हणजे पुढे ४८ टक्के. चढणाऱ्या गाडीला पुढे ५५ च्या वर हवेत.

दोष सरळ दिसतो. १.५ मिमीचं छत, त्यावर पितळी सळ्यांचं कॅरिअर, मागच्या दारावर खरा टायर-रिम असलेली स्टेपनी, आणि लांब बॅटरी आडवी मागच्या सीटखाली. शॉक बदलून, स्प्रिंग कडक करून हे सुटत नाही. तरी एक रविवार स्प्रिंगवर घालवलाच. ३४ चे ३५ झाले.

२७ जुलै – वजन उतरवणं

छत कापून काढलं. जागी ०.८ मिमीचं शीट, आतून ३ मिमी रुंदीच्या चार पट्ट्या. १.५ च्या छतापेक्षा ते दबतं, पण परत येतं, आणि उलटल्यावर तेच हवंय. पितळी कॅरिअर गेलं. त्याच्या जागी २ मिमी एबीएस दांड्यांचं. स्टेपनीतला फोम आणि रिम काढून आत पोकळ चकती. फ्लोअरला दिसणार नाहीत तिथे ३० मिमीची भोकं. बॉनेटखालचा दुसरा थर सोलला. बॉडी ५४५ ग्रॅम. २६७ ग्रॅम उतरले, आणि तेही जवळजवळ सगळे वरून.

बॅटरी बदलली : १३८ मिमीच्या लांब पॅकऐवजी ९६ मिमीचा शॉर्टी, उभा नाही आडवा, बॉनेटखाली पुढच्या ॲक्सलच्या वर. सर्व्होचं हॉर्न अडत होतं म्हणून ट्रे ६ मिमी उचलावा लागला. ते आवडलेलं नाही.

पुढच्या रिमच्या आतल्या घेरावर, फोमच्या खाली, टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची चिकट वजनं : ५ ग्रॅमचे १२ तुकडे, म्हणजे प्रत्येक चाकात ६०. पितळी नकल आणि वजनं यांच्या मानाने फुकटात पडतात, दोन्ही चाकांचे मिळून १८० रुपये. आधी रिम आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, नाहीतर दुसऱ्या फेरीत आत खुळखुळा वाजतो. या वेगाला चाकाचा समतोल बघायची गरज नाही.

आता पुढे १,६५५, मागे १,३२८, एकूण २,९८३. पुढे साडेपंचावन्न टक्के. आडवा कोन ४३ अंश. खाणीची तीच चढण पहिल्या झटक्यात.

बॉडी करायच्या आधी फ्रेमवर ५०० ग्रॅमची पिशवी छताच्या उंचीला बांधून फिरवली असती तर मेमध्येच कळलं असतं. पुन्हा करताना छताला १.५ मिमी शीट हातही लावणार नाही.

१० ऑगस्ट – पाणी

रिसीव्हर बंद. डबी उघडली तर बोर्डावरचं तांबं हिरवं. पाणी आत गेलंच नव्हतं. डबीच्या फटी बुजवायला जे सिलिकॉन वापरलं ते वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं होतं. त्यातून निघणारं आम्ल बंद डबीत तीन आठवडे तांबं खात बसलं. नवा रिसीव्हर १,१५०. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन घ्या. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचा) हात, पिना सोडून.

टायरच्या फोमने पाणी पिऊन प्रत्येक चाक ४० ग्रॅम जड केलं होतं. टायरच्या मध्यरेषेवर २ मिमीची दोन भोकं समोरासमोर. फिरताना पाणी फेकलं जातं. पाण्यातून आल्यावर मोटरच्या दोन्ही बुशिंगना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, जास्त नाही. तेल ब्रशवर गेलं की काजळी धरते.

ओल्या बेसॉल्टवरच्या शेवाळावर कुठलाच टायर चालत नाही. टायर बदलत बसू नका.

३१ ऑगस्ट – तडे आणि गळती

बॉडी माउंटच्या एबीएस कंसांना दोन दिवसांत केसासारखे तडे. ताण नव्हता. जवळच्या एम३ स्क्रूला लावलेलं निळं थ्रेडलॉक ओघळून एबीएसवर आलं होतं. हे द्रव धातूला धातूसाठीच. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने तडकतात. कंस नवे, आता स्क्रूला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले).

मागचे दोन्ही शॉक पाझरत होते. आधी हाताशी होतं म्हणून इंजिन ऑइल भरलेलं. सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगून दांडी अडकायला लागली. ओ-रिंग बदलल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, ३० वेटचं (घट्टपणाचा आकडा) सिलिकॉन ऑइल. भरल्यावर दांडी हळू वर-खाली करून, पाच मिनिटं उभं ठेवून, बुडबुडे निघाल्यावरच टोपण.

थ्रॉटल दिला की चासी उजवीकडे झुकते, कारण शाफ्टचा पीळ. उजव्या मागच्या स्प्रिंगला २ मिमी प्रीलोड, म्हणजे ती तेवढी आधीच दाबलेली. पूर्ण गेलं नाही, निम्मं झालं.

१४ सप्टेंबर – हिशेब

रोलर १९,८००. मोटर-ईएससी ३,१००. सर्व्हो १,६५०. ट्रान्समीटर-रिसीव्हर ४,९००. बॅटरी दोन ४,८००. यूबीईसी ४५०. बेअरिंग ९००. शीट, एमईके, पुट्टी, रंग २,३५०. एलईडी, तारा, कनेक्टर ६२०. वजनं १८०. कामाचा खर्च ३८,७५०.

वाया : सनबोर्ड ३४०, पिनिअन २८०, शाफ्ट ७५०, रिसीव्हर १,१५०. २,५२०. एकूण ४१,२७०. चार्जर आधीपासून होता, तो यात नाही. लांब बॅटरी वायात धरलेली नाही, ती टेबलावर दिवे आणि सर्व्हो तपासायला वापरतो.

वेळ साधारण १२० तास. त्यातले ७० बॉडीचे, दोन्ही धरून.

राहिलेलं : बॅटरी ट्रे ६ मिमी खाली आणायचा, त्यासाठी सर्व्हो ९० अंश फिरवून बघायचा. मागची नंबर प्लेट. डावा मागचा शॉक पुन्हा ओला दिसतोय. ओ-रिंग नाही, दांडीवरच बारीक ओरखडा आहे, दांडी मागवली.